आईने संशोधनासाठी रक्त द्यावं का?

सड्यावरची (मंगळवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आई गावी असते, देवगडच्या जरा अलीकडे. वय ५८, वजन ४१ किलो. साखर गेली सहा वर्षं. घरात आधी कुणाला नव्हती. गोड खाते ती गणपतीतच, बाकी दिवसभर कलमांत नाहीतर गोठ्यात. पहिल्यांदा साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनीच रिपोर्टवरचं नाव दोनदा वाचलं, "एवढ्या बारीक बाईला?"

आता गावात एका संस्थेची माणसं आलीत. बारीक अंगाच्या लोकांना मधुमेह का होतो यावर अभ्यास आहे. पाच वर्षं, दर वर्षी एकदा रक्त, कमरेचं माप, चरबी मोजायचं यंत्र, आणि एक नमुना जनुकांसाठी. तो साठवून ठेवणार म्हणे. औषध काही देणार नाहीत. फॉर्म अकरा पानांचा.

आईचं म्हणणं, "माझ्यार प्रयोग नको. मी काय उंदीर आसंय?" भाऊ म्हणतो फुकट तपासण्या होतायत तर करून घे. मला दोघांचंही पटतं, म्हणून कुणालाच काही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणी, घरच्या कुणी असल्या अभ्यासात भाग घेतलाय का? त्या लोकांना नक्की काय विचारायचं?

आंबोळी खाऊ (रात्री ९:५२)

४१ किलो आणि मधुमेह, मी ९४ किलो आणि साखर नॉर्मल. संस्थेचा नंबर द्या, माझ्यावर उलटा अभ्यास होऊ शकतो.

फेरीबोट (रात्री १०:३०)

सड्यावरची, आईंचा मधुमेह विचित्र नाही, आमची पुस्तकं विचित्र होती. मी निवृत्त डॉक्टर, बरीच वर्षं खाडीकाठच्या आरोग्य केंद्रांत काढली. आम्हाला शिकवलं होतं की तरुण आणि बारीक असेल तर टाइप १, प्रौढ आणि जाड असेल तर टाइप २. हे शिकवणाऱ्यांनी जी शरीरं मोजली होती ती बहुतेक युरोप-अमेरिकेतली. आमच्या ओपीडीत मात्र भात लावून आलेली सडपातळ माणसं बसलेली असायची, साखर तीनशे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र एकाची ९.१ टक्के आणि दुसऱ्याची २१.२ टक्के. जास्तवाले आपले याज्ञिक. दिसायला दोघेही सडसडीत! पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांच्यावर त्यांनी जे काम केलं, त्यात हेच दिसलं. आपलं बाळ जन्मतः हलकं, पण त्या मानाने चरबी राखून असलेलं. म्हणून तर आपल्याकडे बीएमआयची जास्त वजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर आणली.

आणि एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली. त्यामागे वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयातल्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. सगळ्या तज्ज्ञांना हा वेगळा प्रकार पटलेला नाही. आईंचा तोच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण असा अभ्यास व्हायला आईंसारखीच माणसं लागतात, माझ्यासारखी ढेरपोटी नाही.

खाजणकर (रात्री ११:१५)

डॉक्टरसाहेब, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मला हे असलं पटत नाही. साधारण दहा वर्षांपूर्वी आमच्या वाडीत अशीच एक गाडी आली. कुठली ते सांगत नाही. वाडीतल्या साठेक लोकांनी रक्त दिलं, बायकांनी शेतातली कामं टाकून. पोहे आणि एक केळं मिळालं. त्यानंतर ना रिपोर्ट, ना गाडी. माझ्या काकीला त्याच वर्षी हिमोग्लोबिन कमी म्हणून भोवळ यायची. त्यांच्या वहीत तो आकडा नक्की असणार. तिला कुणी सांगितला नाही.

आधी केंद्रात रात्रीचा डॉक्टर द्या. गंभीर झालं की आजही रुग्ण गोव्याच्या बांबोळीला न्यावा लागतो, दुसऱ्या राज्यात! संशोधन नंतर.

मुंबईचो चाकरमानी (रात्री ११:३१)

खाजणकरांका अनुमोदन. पोह्यात खोबरा तरी होता काय?

खाजणकर (रात्री ११:३४)

नव्हतं. म्हणूनच लक्षात आहे.

फेरीबोट (बुधवार, सकाळी ६:५०)

खाजणकर, काकींचा आकडा न सांगणं हा गुन्हाच, त्यात दुमत नाही. पण "आधी डॉक्टर, मग संशोधन" यावर एक गोष्ट सांगतो.

महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचू चावलेली पोरं डोळ्यांदेखत जात होती. घाम, थंड हातपाय, मग फुप्फुसात पाणी. पुस्तकात यावर धड काही नव्हतं, कारण पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या गावात लाल विंचू नव्हता. हा माणूस रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब लिहून ठेवायचा. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली, आणि जिथे शंभरातले चाळीसेक दगावायचे तिथे हे प्रमाण एकदोनावर आलं. पुढे २०११ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा ७० रुग्णांवरचा अभ्यास आला. अर्ध्यांना नुसती प्राझोसिन, अर्ध्यांना त्याबरोबर विंचवाची प्रतिलस. दहा तासांत बरे झालेले एकीकडे २३ टक्के, दुसरीकडे ९१.

म्हणजे रात्रीचा डॉक्टर आणि संशोधक हा एकच माणूस होता. गाडी येते आणि जाते, तो राहिला. मला वाटतं तुमचा राग संशोधनावर नाही, गाडीवर आहे.

खाजणकर (सकाळी ७:२०)

हे मान्य. पण बावस्कर एकच झाले ना?

टेस्टट्यूब (सकाळी ९:०५)

लॅबवाला आहे, माझी एक कुरकुर. सड्यावरची, आईंचं एचबीए१सी करतात का? ती तीन महिन्यांची सरासरी साखर असते, पण मोजली जाते तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनवरून. अंगात लोह कमी असेल तर आकडा उगीच वाढलेला दिसू शकतो. सिकलसेलसारखा पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल तर उलटा कमी दिसतो. आपल्याकडे निम्म्याहून अधिक बायकांना रक्त कमी आहे. यंत्र एकच, कंपनीचं पत्रक एकच, माणसं वेगळी. तेव्हा अभ्यासात हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटी साखर दोन्ही बघतायत का, हे जरूर विचारा.

करोनात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरोघरी होतं. ते काळ्या त्वचेवर ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं, हे २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या रुग्णांवरून सिद्ध झालं. यंत्र ९२ ते ९६ दाखवतंय आणि खरा ऑक्सिजन धोक्याच्या रेषेखाली, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा, कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा. माझा मामा तांडेल, उन्हात रापून कोळशासारखा झालेला. आम्ही ९४ बघून निवांत झोपलो होतो. नशीब म्हणायचं की तो अजून आहे.

वाडीची ताई (दुपारी १:१०)

मी आशा म्हणून काम करतंय, म्हणान जरा हक्कान लिवतंय. असलो अकरा पानांचो फॉर्म आमका दोन वर्षांपूर्वी एका अभ्यासात वाचून दाखवूचो होतो. पयल्या पानार 'यादृच्छिक', दुसऱ्या पानार 'गोपनीयता', तिसऱ्यार 'स्वेच्छेने माघार'. माका सोताक कळाक दोनदा वाचूचा लागला. म्हाताऱ्यांका काय सांगतलंय?

शेवटी मी आमच्या भाषेत सांगितलंय. यादृच्छिक म्हणजे चिठ्ठी टाकतत तसा, कोणाक खयचा औषध मिळतला ता डॉक्टर ठरवणा नाय. तर एक आजी म्हणता, "मगे चिठ्ठी कित्याक? देवाक कौल लावया." सगळी हसली, पण तिका कळला होता. फॉर्म वाचणाऱ्या पोराक वाटला ती थट्टा करता.

आणि एक. फॉर्मार सही घेताना ते 'घरातल्या कर्त्या पुरुषाक बोलवा' म्हणाले. रक्त बाईचा, सही घोवाची. मी नाय म्हणून सांगितलंय.

आंबोळी खाऊ (दुपारी १:२४)

ताई, तुम्ही फॉर्म लिहा, आम्ही सह्या करतो.

निळी शाई (दुपारी ३:४५)

मी मुंबईत क्लिनिकल ट्रायल कोऑर्डिनेटर आहे, माहेर गुहागर. ताईंनी नवऱ्याची सही नाकारली ते शंभर टक्के बरोबर. सज्ञान बाईची संमती तिचीच.

सड्यावरची, आधी एक फरक समजून घे. नवीन औषध देऊन बघतात ती ट्रायल. तिला २०१९ चे नियम लागतात, सीटीआरआय या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत नोंद लागते, इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते. तुझ्या आईचा तो निरीक्षणाचा अभ्यास दिसतोय, फक्त मोजमाप. त्यात औषधाचा धोका नाही, पण नैतिकता समितीची मंजुरी त्यालाही लागते. त्या समितीत डॉक्टरांबरोबर एक कायद्याचा जाणकार आणि एक साधा, वैद्यकाबाहेरचा माणूस असावा लागतो. फॉर्मच्या शेवटच्या पानावर समितीच्या सचिवाचा फोन असतो. तो नसेल तर सही करूच नका.

जनुकांच्या नमुन्याबद्दल मात्र खोदून विचार. कुठे ठेवणार, किती वर्षं, पुढे दुसऱ्या अभ्यासाला वापरणार असतील तर पुन्हा विचारणार का. मधेच नको म्हटलं तर नमुना नष्ट करणार का. "रक्ताला हो, साठवायला नको" असं वेगळं सांगायची सोय चांगल्या फॉर्मात असते.

पण मी माझ्या क्षेत्राची वकिली करत नाहीये. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस दिली गेली. वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या फॉर्मवर वॉर्डनच्या सह्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये ते थांबवलं, २०१३ मध्ये संसदेच्या समितीने कडक ताशेरे ओढले. खाजणकरांचा संशय हवेतून आलेला नाही.

याची दुसरी बाजूही आहे. जपून जपून लोकांना बाहेर ठेवलं की तेही अंगाशी येतं. अमेरिकेत १९७७ पासून मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या बायकांना सुरुवातीच्या ट्रायलमधून वगळायचे, ते १९९३ मध्ये बदललं. झोल्पिडेम ही झोपेची गोळी कित्येक वर्षं बाईला आणि पुरुषाला सारखीच दिली जात होती. २०१३ मध्ये कळलं की बायकांच्या रक्तात ती सकाळपर्यंत टिकते, मग डोस निम्मा केला. करोनाच्या लसीच्या वेळी गरोदर बायकांना ट्रायलमध्ये घेतलं नाही. आपल्याकडे त्यांना लस घ्यायला परवानगी मिळाली २ जुलै २०२१ ला, दुसरी लाट ओसरल्यावर.

काजूबी (सायंकाळी ५:०२)

लसीवरून आठवलं. आम्ही दोडामार्गचे. २०१६ साली माकडताप आला तेव्हा काजूचा हंगाम होता. गोचीड चावून होतो तो, जंगलात माकडं मेलेली सापडायची. बागेत गेलो नाही तर वर्षाचं उत्पन्न गेलं, गेलो तर ताप. लस होती, पण ती कर्नाटकातल्या जुन्या साथींसाठी केलेली. दोन डोस, मग पुन्हा बूस्टर. आणि एवढं करून ताप येतच होता. पुढे ती बंदच केली. हा रोग सापडला १९५७ मध्ये, शिमोग्याकडे. सत्तर वर्षं होत आली. आता आयसीएमआरने नवी लस हाती घेतली आहे. हा ताप मुंबईच्या लोकलमध्ये पसरत असता तर एवढी वर्षं लागली असती का, हे मी उगाच विचारतोय.

खाजणकर (सायंकाळी ५:२०)

काजूबी, हेच तर. सापाचंही तेच. आपल्याकडे मिळणारी प्रतिलस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी. आंबोली घाटात चापडा चावला तर तिचा उपयोग नाही. आणि विष काढतात ते मुख्यतः तमिळनाडूतल्या सापांचं. आमचं फुरसं काय तमिळ बोलतं?

(मी संशोधनाच्या बाजूने बोलायला लागलोय असं दिसतंय. बायकोने वाचलं तर हसेल.)

कर्जत लोकल (रात्री ८:४०)

रायगडात कातकरी वाड्यांवर काम करते. जेवढे सर्व्हे पाहिले त्यातले बरेच जानेवारी-फेब्रुवारीत असतात, कारण मार्चअखेर निधी संपवायचा असतो आणि रस्ते कोरडे असतात. दिवाळीनंतर कातकरी वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर गेलेले असतात. वाडीत उरतात म्हातारी माणसं आणि कुत्री. मग अहवालात येतं 'घर बंद'. घर बंद नाही हो, घर भिवंडीला विटा थापतंय.

२०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम चालू आहे, आदिवासी भागात तपासण्या होतायत, चांगलं आहे. पण आमच्याकडे शिबिर ठेवलं होतं गुरुवारी सकाळी दहाला, वाडीपासून चार किलोमीटरवर. आम्ही हट्टाने ते श्रावणात घ्यायला लावलं, संध्याकाळी, वाडीतच. चिखलातून सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्ताचे नमुने फिरवायचं यंत्र, डोक्यावर घेऊन गेलो. माणसं मात्र सगळी होती.

मुंबईचो चाकरमानी (रात्री ९:०५)

मगे आमका मोजूचा आसात तर गणपतीत येवा. सगळी घरात गावतली. फक्त उपाशीपोटी साखर मागू नको, सकाळी सातापासून मोदक सुरू.

हसण्यावारी नको नेव. रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळी खलाशी किती आसत? वर्षाचे आठ-दहा महिने हयच. रेशनकार्ड नाय, म्हणान खयच्या यादीत नाय. लेप्टोचो ताप इलो की मेडिकलातून दोन गोळ्ये आणि परत बोटीर.

पाखाडी (रात्री १०:१०)

मी चाळीस पावलंसुद्धा सलग चालू शकत नाही, लहानपणी पोलिओ झाला. आमच्या घरापासून रस्ता म्हणजे ११२ पायऱ्यांची पाखाडी. केंद्रात जायचं तर भावाच्या पाठीवर. मग टेलिमेडिसिन आलं. ई-संजीवनीवर डॉक्टर दिसतो, ऐकू येतो, फक्त त्यासाठी सड्यावर जावं लागतं, कारण रेंज तिथेच. म्हणजे पाखाडी खाली उतरण्याऐवजी वर चढायची.

तक्रार करत नाहीये. एकदा आशाताई सड्यावर गेल्या, माझे रिपोर्ट मोबाइलवर दाखवले, औषध लिहून घेऊन आल्या. ताईंच्या पायांवर चालतंय ते टेलिमेडिसिन.

टेस्टट्यूब (रात्री १०:१६)

शेवटचं वाक्य कुणीतरी मंत्रालयात पाठवा.

सड्यावरची (शनिवार, रात्री ८:३०)

सगळ्यांचे आभार. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने घरी आले, आज ती माणसं पुन्हा आली. तुमचा अख्खा धागा मी आईला वाचून दाखवला होता. विंचवाची गोष्ट तिने दोनदा ऐकली. याज्ञिकांच्या फोटोचं ऐकून म्हणाली, "म्हणजे मी एकटी नाय."

तरी तिने आधी देवळात कौल लावलाच. उजवा झाला. (ताई, तुमच्या आजींना सांगा.)

मग फॉर्म. आलेला मुलगा पंचविशीचा, लातूरकडचा, मालवणी त्याच्या डोक्यावरून जात होती. निळी शाई, तुझे प्रश्न मी विचारले. हिमोग्लोबिन बघणार आहेत. साठवण्यासाठी वेगळा चौकोन आहे, आईने तिथे 'नको' केलं, तो काही बोलला नाही. समितीचा फोन आहे. मी तिथेच लावून बघितला, शनिवार असूनही उचलला.

त्यांची वेळ सकाळी दहाची होती. आई म्हणाली दहाला मी उपाशी राहणार नाही, गुरांचं करून मला चक्कर येते. साडेसहाला येणार असाल तर या. तो म्हणाला सरांना विचारतो. फोन केला, मग हो म्हणाला.

सही करायच्या आधी आईने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "माझो रिपोर्ट माका कधी देतलंस?" तो म्हणाला, पंधरा दिवसांत. आई म्हणाली, "मगे ता लिव." फॉर्मात तशी जागा नव्हती. त्याने शेवटच्या पानाच्या समासात हाताने लिहिलं, तारीख घातली, खाली सही केली. आमच्या प्रतीवरही लिहायला लावलं.

खाजणकर (रात्री ८:४४)

आणि नाही आला तर?

सड्यावरची (रात्री ८:५१)

फोन नंबर भिंतीवर कॅलेंडरच्या बाजूला खडूने लिहिलाय. आईने पंधराव्या दिवसावर गोल पण केलाय.

मुंबईचो चाकरमानी (रात्री ८:५५)

पोहे दिल्यानी काय?

सड्यावरची (रात्री ९:०२)

उलट आईनेच त्याला घावणे घातले. खोबऱ्याचा रस होता.